आमचे येथे सवयी लावून मिळतील

यश मिळो न मिळो, हल्ली माणसाला ‘मॉर्निंग रूटीन’ असावंच लागतं. समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणं सांगून झाल्यावर लगेच पुढच्याच समासात उत्तम लक्षणंही दिली होती. पण ती पडली फुकटची. वर सर्टिफिकेट नाही, दुपारी बुफे नाही. त्यामुळे हे कंत्राट अमेरिकेला गेलं.

तिथल्या स्टीफन कव्हींनी 1989 साली परिणामकारक माणसांच्या सात सवयी पुस्तकातून जाहीर केल्या आणि 2004 साली आठवी काढली. मधली पंधरा वर्षं जे बिचारे सातांवरच भागवत होते, त्यांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं? पुस्तकाचा सगळा भर चारित्र्यावर. मुंबईच्या फूटपाथवर असल्या पुस्तकांच्या चोरून छापलेल्या प्रती मिळतात, आणि घासाघीस केली तर चारित्र्य आणखी स्वस्तात पडतं.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात, हे तर आता लहान मुलंही सांगतात. हा आकडा आला कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक प्लास्टिक सर्जन होते. चेहऱ्यावर शस्त्रक्रिया झाली की नव्या रूपाची सवय व्हायला रुग्णाला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांच्या पाहण्यात आलं आणि 1960 साली त्यांनी ते पुस्तकात लिहिलं. पुढे त्यातलं ‘निदान’ गळालं, रुग्ण गळाला, नाकही गळालं. एकवीस तेवढे उरले. नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी खरोखरच मोजून पाहिलं, तर सरासरी निघाली 66 दिवसांची, आणि माणसामाणसातला फरक 18 पासून 254 पर्यंत. म्हणजे गुढीपाडव्याला सुरू केलेला व्यायाम एखाद्याच्या अंगवळणी पडेपर्यंत तुळशीचं लग्नही उरकलेलं असायचं. एवढं लांबण शिबिराच्या जाहिरातीत कसं बसणार? एकवीस दिवसांची फी घेता येते, दोनशे चोपन्न दिवसांचा हप्ता कोण भरणार!

मग येतात पहाटे पाचवाले. रॉबिन शर्मांचं ‘द फाइव्ह एएम क्लब’ 2018 साली आलं. पाचला उठायचं, वीस मिनिटं घाम गाळायचा, वीस मिनिटं चिंतन करायचं, वीस मिनिटं शिकायचं. योजना उत्तम. कर्जत-कसाऱ्याची मंडळी ती कित्येक वर्षं राबवत आहेत, फक्त एकाच वेळी आणि लोकलच्या एकाच डब्यात. घाम आपोआप गळतो. पुढच्याची बॅग बरगडीत रुतली की चिंतनाला पर्याय राहत नाही. शिकणं म्हणाल, तर कोणता माणूस ठाण्याला उतरणार हे चेहऱ्यावरून ओळखायला कोणतं विद्यापीठ शिकवतं? प्रशिक्षक सांगतात, कम्फर्ट झोन सोडा. फोर्थ सीटवर अर्धं ढुंगण टेकून दादर गाठणाऱ्या माणसाने हा झोन नेमका कुठून सोडायचा, तेवढं त्यांनी एकदा समजावून सांगावं.

ह्या सगळ्या विद्येचा खरा हंगाम मात्र अप्रेझलचा. पगार वाढवा म्हणून जावं, तर साहेब प्रेमाने खुर्ची देतात आणि विचारतात, ‘तुम्ही स्वतःवर काय काम केलंत?’ महागाई वाढली, घरभाडं वाढलं, दोन माणसांचं काम एकावर आलं, ह्यातलं काहीही सांगा; उत्तर ठरलेलं असतं. माइंडसेट! पगारवाढ मिळत नाही, ग्रोथ मिळते. तिच्यासाठी शनिवारी हॉटेलात वर्कशॉप ठेवतात, तिथे डोळे मिटून पाच वर्षांनंतरचे आपण पाहायला लावतात. डोळे मिटायला मिळाले म्हणून निम्मी माणसं झोपतात. दुपारी पनीर, गुलाबजाम, आणि शेवटी फीडबॅक फॉर्म, ज्यावर नाव लिहिणं सक्तीचं.

अशी वर्कशॉपं नसल्यामुळे आपल्याकडे पूर्वी फार नुकसान झालं. गिरणगावात फाइव्ह एएम क्लबच्या शाखा घरोघरी होत्या. गजराचं काम गिरणीचा भोंगा करायचा, वर्गणी नव्हती. तरीही तिथे यशस्वी माणसं कोण झाली, तर गिरण्यांचे मालक. ह्यावर कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना आणखी लवकर उठायला सांगायचं, डायरी लिहायला लावायची, कृतज्ञता बाळगायला शिकवायचं. ते राहिलं बाजूला. त्यांनी 1884 साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन काढली आणि रविवारची सुट्टी मागितली. दुपारी अर्धा तास विश्रांती मागितली. स्वतःत बदल करायचा सोडून मालकांत बदल करू पाहणारा हा माणूस आज कुठल्याही एचआरच्या पहिल्या गाळणीत अडकला असता. मालकांनी रविवार कबूल केला तो 10 जून 1890 रोजी. आठवड्यातून एक दिवस गिरणी बंद ठेवायची सवय मालकांना लावायला सहा वर्षं लागली. लंडनच्या संशोधकांच्या तक्त्यात हा नमुना कुठेच बसत नाही.

आणि ती सवयही धड लागलेली दिसत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांसाठी आठवड्याला 70 तास सुचवले. जानेवारी 2025 मध्ये एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन साहेबांचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यात ते 90 तासांवर गेले, तुमच्याकडून रविवारी काम करून घेता येत नाही याची खंत त्यांनी बोलून दाखवली, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असंही विचारलं. कारखाने कायदा 1948 सालचा. त्यात आठवड्याची मर्यादा 48 तासांची होती. उरलेले 42 तास कोणत्या सवयीत धरायचे, ते कव्हींच्या आठांत नाही. नववी काढावी लागेल.

तोवर वाचकांना एकच विनंती. रविवारी सकाळी साहेबांचा मेसेज आला, तर तो सोमवारी उघडा.