तिसरे दरपत्रक

नागरी स्थानिक संस्थेच्या खरेदी विभागात काही आठवड्यांसाठी दाखल होणारा ‘इंटर्न’, म्हणजे पदवी ताजी आणि अनुभव शून्य असलेला प्रशिक्षणार्थी, हा अभ्यासकांनी आजवर उपेक्षिलेला वर्ग आहे; आणि त्याच्या घडणीचा विचार करायला तंजावरइतके सोयीचे शहर नाही, कारण वस्तू मिळवणे व तिची नोंद ठेवणे या दोन्ही विद्या तिथे हजार वर्षे मुरल्या आहेत. हे शहर 1866 मध्ये नगरपालिका झाले, 2014 मध्ये महानगरपालिका झाले आणि 2016 मध्ये ‘स्मार्ट’ शहरांच्या यादीत बसले. पुढे 4 जून 2020 रोजी केंद्र सरकारने ‘ट्यूलिप’ योजना काढून नागरी संस्थांची दारे नवपदवीधरांना आठ आठवड्यांपासून एका वर्षापर्यंत उघडली. शहर कसे चालते ते तरुणांना कळावे, हा हेतू उदात्तच होता. कळल्यावर त्यांनी काय करायचे, हा प्रश्न वेगळा. (पुढे वर्णिलेला खरेदी विभाग मात्र तंजावरचाच समजू नये, तो ठाणे, बेळगाव किंवा वाचकाच्या गावीही सापडेल.)

तमिळनाडूत सार्वजनिक खरेदीला 1998 चा निविदा पारदर्शकता कायदा लागू आहे. निविदा जाहीर व्हावी, निविदाकाराने बयाणा भरावा, आणि पात्र ठरलेल्यांतील सर्वांत कमी दराच्या निविदाकाराला, ज्याला कचेरीच्या भाषेत ‘एल-वन’ म्हणतात, काम मिळावे, असा या व्यवस्थेचा सर्वसाधारण आशय आहे. कायद्यात खोट काढण्यासारखे फारसे नाही, म्हणूनच प्रशिक्षणार्थ्याला तो पहिल्याच दिवशी वाचायला देतात आणि दुसऱ्या दिवसापासून काम शिकवतात.

कामाचा पहिला धडा विनिर्देशांचा, म्हणजे हव्या असलेल्या वस्तूचे गुणधर्म आधी लिहून काढण्याचा असतो. शास्त्रानुसार गरजेवरून विनिर्देश ठरतात व विनिर्देशांवरून पुरवठादार सापडतो. व्यवहारात पुरवठादार आधी सापडलेला असतो, त्याच्या माहितीपत्रकावरून विनिर्देश उतरवले जातात आणि गरज सर्वांत शेवटी, मार्चअखेरीस, निधी परत जाण्याच्या धास्तीने उत्पन्न होते. कचऱ्याच्या डब्याची उंची नेमकी 473 मिलिमीटर, रंग मोरपंखी आणि झाकण डावीकडे उघडणारे असावे, असे टंकलिखित करताना ‘डावीकडेच का?’ असे विचारणाऱ्या प्रशिक्षणार्थ्याच्या मूल्यमापनात ‘होतकरू, परंतु समज येणे बाकी’ असा शेरा पडतो.

दुसरा धडा दरपत्रकांचा आहे. निविदेच्या मर्यादेखालील किरकोळ खरेदीसाठी तीन दुकानदारांकडून दर मागवण्याचा प्रघात असून, तिन्ही पत्रके बहुधा एकाच दिवशी, एकाच हस्ताक्षरात आणि ‘स्टेशनरी’ शब्दातील एकाच चुकीसह आवक होतात. यांतले पहिले दरपत्रक माल देणाऱ्याचे व दुसरे त्याच्या भावाचे असते. तिसरे ज्याचे असते त्याचा सखोल अभ्यास व्हायला हवा, कारण हा गृहस्थ कधीच काही विकत नाही, पण त्याच्यावाचून कोणालाही काही विकता येत नाही. प्रशिक्षणार्थ्याचे संगणकज्ञान इथे कामी येते: तो या तिघांचा तुलनात्मक तक्ता इतका देखणा करून देतो की स्पर्धा झाल्याचा भास खुद्द पुरवठादारालाही होतो.

नोंदीच्या बाबतीत तंजावरचे जुने राज्यकर्ते मात्र फारच अव्यवहारी होते. 1010 च्या सुमारास पूर्ण झालेल्या बृहदीश्वर मंदिराच्या दगडावर राजराज चोळाने दान आलेल्या दागिन्यांची वजने कोरवली. ती कोणत्या वजनाच्या दगडाने केली, वजनात लाख आणि दोरा धरला आहे काय, आणि मोत्यांत कोणती डागाळलेली आहेत, हेही कोरवले. त्या जागी ‘माल सुस्थितीत मिळाला’ एवढा रबरी शिक्का पुरला असता, आणि तो माल येण्यापूर्वीही मारता आला असता. पुढे 1803 मध्ये सरफोजी राजांनी त्याच मंदिरात भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवले, आणि राजवाड्याच्या कारभाराचे मोडी कागद तर गठ्ठ्यांनी मागे राहिले. सरस्वती महाल ग्रंथालयासाठी त्यांनी युरोपातून पुस्तके आणवली, काशीयात्रेत हस्तलिखिते मिळवली. आजचा लेखापरीक्षक असता तर एकमेव प्रत असलेल्या हस्तलिखितासाठी आणखी दोन दरपत्रके का मागवली नाहीत, असा आक्षेप त्याने निश्चित नोंदवला असता.

चोळांचा याहूनही गैरसोयीचा कागद, म्हणजे दगड, तंजावरात नसून कांचीपुरमजवळच्या उत्तरमेरूर इथे आहे. दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातील हा शिलालेख ग्रामसभेच्या समित्यांवर चिठ्ठ्या टाकून सभासद कसे निवडावेत ते सांगतो. पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब दिला नसेल त्याचे नाव घड्यात घालू नये, तसेच त्याचा मुलगा, भाऊ, मामा, सासरा, मेहुणा, जावई, भाचे, आतेभाऊ आणि मावसभाऊ यांचेही घालू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. हा शिलालेख प्रशिक्षणार्थ्यांच्या अभ्यासक्रमात घ्यावा, अशी सूचना एखाद्या नगरपालिकेत आलीच, तर ती विचारार्थ खरेदी समितीपुढे ठेवावी लागेल, आणि शिलालेखाची अट तिथेच लावली, तर त्या बैठकीला गणपूर्ती होणार नाही.