पीस पोस्टिंगचे आरोग्यशास्त्र

भारतीय सैन्यदलांच्या अपंगत्व-निवृत्तिवेतनाच्या व्यवस्थेने वैद्यकशास्त्रात घातलेल्या भरीची दखल अद्याप कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाने घेतलेली नाही, ही खेदाची बाब आहे. रोगाचे कारण जंतूंत, आहारात किंवा आनुवंशिकतेत शोधण्याचे दिवस या व्यवस्थेने संपवले असून ते आता नेमणुकीच्या आदेशात सापडते. सैनिक ‘फिल्ड’ला, म्हणजे सीमेवर, अतिउंच प्रदेशात किंवा दहशतवादविरोधी मोहिमेत असेल, तर त्याचा रक्तदाब सेवेमुळे बळावू शकतो, तोच सैनिक ‘पीस’ला, म्हणजे पुणे किंवा बेळगाव यांसारख्या शांत छावणीत असेल, तर तोच रक्तदाब बहुधा त्याच्या मूळ प्रकृतीचा दोष ठरतो.

हा सिद्धांत समजून घेण्यास मुरूड तालुक्यातील काशीद हे गाव सोयीचे आहे, कारण पांढऱ्या वाळूचा किनारा, सुरूचे बन आणि पाठीशी फणसाडचे अभयारण्य असल्यामुळे मुंबई-पुण्याचे लोक तेथे पैसे मोजून शांतता घेण्यास येतात. या गावी स्थायिक झालेले दोन निवृत्त हवालदार, केवळ विवेचनाच्या सोयीसाठी, कल्पावेत. पहिल्याचा पाय ताबारेषेवर सुरुंग काढताना गेला आणि त्याला सेवेतून मुक्त करण्यात आले. दुसऱ्याने बहुतेक नोकरी छावण्यांत काढली, ठरलेली मुदत पूर्ण केली आणि रक्तदाब व मधुमेह घेऊन तो घरी परतला.

संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने अशा दुखण्यांची ए ते ई अशा पाच प्रवर्गांत वाटणी केली आहे. ‘ए’मध्ये सेवेशी संबंध नसलेली नैसर्गिक कारणे येतात, ‘बी’मध्ये सेवेमुळे उद्भवलेले किंवा बळावलेले आजार, ‘सी’मध्ये कर्तव्यावरील अपघात, आणि असे चढत चढत ‘ई’मध्ये युद्ध व युद्धसदृश परिस्थितीतील इजा येते. प्रवर्गानुसार रक्कमही बदलते. सेवेतून मुक्त केलेल्या सैनिकाचे अपंगत्व पूर्ण १०० टक्के असेल, तर ‘बी’ किंवा ‘सी’मध्ये अपंगत्वापोटीचा घटक अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के असतो, तर ‘ई’मध्ये युद्धजखमेचा घटक अखेरच्या वेतनाइतकाच असतो. शरीराची हानी समान असली, तरी ती कोणाच्या हातून झाली यावर तिची किंमत ठरते, आणि या हिशेबात शत्रूचा हात सर्वांत मोलाचा समजला जातो.

म्हणून पहिल्या हवालदाराला एक अमूल्य साक्षीदार लाभलेला असतो. अर्थात शत्रू सुरुंगाची पोच देत नसल्यामुळे घटनेचा अहवाल, चौकशीचे कागद आणि प्रवर्गाची नोंद यांची जुळणी त्यालाही करून घ्यावी लागतेच; पण गेलेला पाय मूळ प्रकृतीतच नव्हता, असे त्याला कोणी सांगू शकत नाही. मान्यता मात्र जखमेइतक्या वेगाने येत नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकलेल्या सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांना पद्मश्री मिळण्यास २०१८ साल उजाडले. सिद्ध जखमेची आणि सिद्ध पदकाची ही गती असेल, तर रक्तदाबाने घाई करण्याचे कारण उरत नाही.

दुसऱ्या हवालदाराची गाठ निवृत्तीपूर्वीच्या मेडिकल बोर्डाशी पडते. आजार सेवेमुळे उद्भवला काय, सेवेमुळे बळावला काय, आणि तो किती टक्के आहे, एवढेच या बोर्डाला ठरवायचे असते. २० टक्क्यांखालच्या अपंगत्वाला निवृत्तिवेतन नाही, यावरून १९ टक्क्यांचे दुखणे दुखत नाही असे शासन मानत असावे. पहिल्या दोन प्रश्नांना ‘नाही’ असे उत्तर आले, की टक्केवारी कितीही असो, दावा तेथेच आडवा होतो. भरतीच्या दिवशी हाच देह डोळ्यांपासून मनापर्यंत तपासून निर्दोष ठरवलेला असतो. मात्र वीसहून अधिक वर्षांनंतर असे लक्षात येते की दोष जन्मतःच होता आणि इतकी वर्षे तो शिस्तीत उभा होता.

गंमत अशी, की १९८२ च्या पात्रता नियमांत याच्या नेमके उलटे लिहिलेले होते. भरतीच्या वेळी नोंद नसलेला सैनिक निरोगी होता असे गृहीत धरावे, दावेदाराला पुरावा मागू नये, वाजवी संशयाचा फायदा त्यालाच द्यावा, आणि फिल्डवरील व नौकेवरील सेवेत तो अधिक उदारपणे द्यावा, असे ते नियम सांगत. ‘अधिक उदार’ फिल्डला म्हटल्यावर पीसला निदान साधी उदारता तरी उरावयास हवी होती. व्यवहारात पीसच्या वाट्याला संशय आला आणि फायदा शासनाकडे राहिला. सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात हेच नियम शासनाला पुन्हा वाचून दाखवावे लागले. त्या सैनिकाला १९९४ मध्ये अपस्माराच्या कारणाने सेवामुक्त केले होते, म्हणजे वाचनाचा हा वर्ग भरण्यास १९ वर्षे लागली. २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात अपंगत्व-निवृत्तिवेतनाच्या वादातील शासनाची शेकडो अपिले एकत्र फेटाळली गेली. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नेमलेल्या समितीने माजी सैनिकांविरुद्धची अशी अपिले आवरण्याची शिफारस केली. समितीचा अहवाल फाइलीत गेल्यामुळे तो पीसलाच आहे असे समजण्यास हरकत नाही.

अमेरिकेने २०२२ मध्ये कायदा करून, परदेशी तळांवर कचरा जाळण्याच्या खड्ड्यांचा धूर खाल्लेल्या सैनिकांचे काही ठरावीक आजार सेवेमुळेच झाले असे गृहीत धरले. भारतीय व्यवस्था इतकी भोळी नाही. २४ जून २०१९ च्या परिपत्रकाने तिने अपंगत्व-निवृत्तिवेतनावरील प्राप्तिकराची सवलत सेवेतून मुक्त केलेल्यांपुरती ठेवली आणि दुखणे सोसत मुदत पूर्ण करणाऱ्यांची वगळली. सोसण्याची तयारी हे उत्पन्नाचेच एक साधन असल्याचे अर्थशास्त्राला यामुळे कळले. २१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांसाठी नवे पात्रता नियम आले असून, त्यांत आजारी अवस्थेत मुदत पूर्ण करणाऱ्याला ‘अपंगत्व’ या शब्दाच्या ओझ्यातूनही मुक्त करून ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ देऊ करण्यात आला आहे.

शांत क्षेत्राच्या या आरोग्यदायी गुणाचा लाभ केवळ सैनिकांपुरता ठेवणे अन्यायाचे होईल. ज्या रायगड किनाऱ्यावर शेखाडीला १९९३ मध्ये मुंबईतील स्फोटांसाठीचे आरडीएक्स उतरले, त्याच किनाऱ्यावरील काशीदला ‘पीस’ घोषित करून देशभरातील रक्तदाबाच्या रुग्णांना तेथे नेमणुकीचे आदेश द्यावेत, म्हणजे औषधावाचून त्यांचा आजार सेवेशी, हवेशी आणि शासनाशी असंबद्ध ठरेल. दुसऱ्या हवालदाराला मात्र किनाऱ्यावर बसून भागणार नाही. त्याला अलिबागचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, प्रयागराजचे पेन्शन लेखा कार्यालय आणि अखेरीस सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ असा प्रवास एसटीने, मांडव्याच्या लाँचने आणि टपालाने करावा लागेल. या प्रवासात त्याचा रक्तदाब वाढलाच, तर त्यावर नवा दावा लावता येईल असा गैरसमज त्याने करून घेऊ नये. हा वाढीव आजार निवृत्तीनंतरचा असल्यामुळे तो सेवेशी जोडता येत नाही, आणि तो फाइलीमुळे जडला असे म्हणावे, तर फाइल ज्या शासनाकडे असते ते शासन कायम पीसलाच असते.