इंजिन जुनंच आहे!

बदलापूरच्या शिरगावातल्या दुचाकीस्वारांच्या काटकसरीचा जाहीर सत्कार व्हायला हवा. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडवली, तेव्हा प्रवाशांसाठी एनडीआरएफ आणि नौदल धावून आलं. भिजल्या मोटारसायकलींचा प्रश्न आम्ही मात्र स्वबळावर, एका किकमध्ये सोडवतो. एअर फिल्टरमधून सिलिंडरात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. विज्ञान असं घरपोच मिळतं कुठे?

मग दुरुस्ती की नवं इंजिन? नवं म्हणजे उधळपट्टी, शिवाय आरटीओत नवा इंजिन नंबर चढवणं आलं. म्हणून दुरुस्ती. आधी ब्लॉक-पिस्टन, मग क्रँक, मग बेअरिंग, व्हॉल्व्ह, क्लच प्लेट, टायमिंग चेन. बिलांची बेरीज करण्याचा असभ्यपणा कोणी करत नाही. अखेर जुनी उरते ती क्रँककेस, कारण नंबर तिच्यावर कोरलेला असतो. हे पाहता शोरूमची तरी गरज काय? नंबराचा तुकडा घ्यावा आणि त्याच्याभोवती गाडी दुरुस्त करत जावी.

विम्याचा न्याय याहून सूक्ष्म. पूर हा दैवी कोप, त्याची भरपाई आहे. पाण्यातली किक हा मालकाचा पुरुषार्थ. इंजिन संरक्षणाचं जादा कलम घेतलेलं नसेल तर त्याची भरपाई सहसा नाही. तेव्हा उल्हास नदीला उगाच बोल लावू नका. पॉलिसीनुसार तिने तुमच्या इंजिनाला हातही लावलेला नाही.