दोन बोटांची करामत

गणपतीच्या दिवसांत कॉटन ग्रीनला उतरून काळाचौकीकडे निघालं की वाटेत मांडव लागतातच. अशाच एका गणपतीसमोर कराटेच्या सरांनी मर्मविद्येचं प्रात्यक्षिक दिलं. मानेला दोन बोटं लागताच शिष्य सतरंजीवर आडवा! पडण्याआधी मागे कुणी बसलेलं नाही ना, एवढं मात्र त्यानं पाहून घेतलं. मग एक जुने कबड्डीपटू पुढे आले. सरांनी त्यांची मान चाचपली, दाबली, पुन्हा दाबली. काका म्हणाले, "सर, अजून जरा खाली. कालपासून अवघडलीय."

सर बिचारे एकटे नाहीत. अमेरिकेतल्या जॉर्ज डिलमन यांची विद्या नॅशनल जिओग्राफिकच्या कार्यक्रमात एका संशयी माणसावर चालेना, तेव्हा कारण निघालं: त्याची जीभ तोंडात चुकीच्या जागी असावी, नाहीतर पायाचा एक अंगठा वर आणि दुसरा खाली. लालबागच्या मारामारीत समोरच्याला 'आधी जीभ नीट ठेव' असं सांगायची सोय नाही. जपानचे यानागी र्युकेन तर लांबूनच शिष्यांच्या रांगा लोळवत. २००६ साली इवाकुरा नावाच्या लढवय्याचे खरेखुरे ठोसे बसले आणि सामना आटोपला.

शिष्य लबाड असतो असं नाही. रोज सरांच्या पाया पडणाऱ्याला चारचौघांत उभं राहणंच जड जातं. गासडीचं तसं नाही. कॉटन ग्रीनच्या भागात कापसाच्या गासड्या हलवणारे हमाल होते. पावणेदोनशे किलोंच्या आसपासची गासडी कुणाची शिष्य नसते. आकडा रुतवून दम लावला तरच ती हलते.

सुश्रुतानं १०७ मर्मं सांगितली, त्यांतली १९ तत्काळ प्राण घेणारी, हे खरं. पण त्याला मुख्य काळजी शस्त्र चालवताना काय जपायचं याची. हनुवटीवर किंवा यकृतावर नेमका फटका बसला तर भलाभला माणूसही खाली बसतो, त्यात गूढ कसलं? जोर लागतो, नेम लागतो, आणि समोरचा काही पुतळ्यासारखा उभा राहत नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते पडायला अजिबात राजी नसलेल्या पैलवानांशी झुंजून.

पोरांना कराटेला जरूर घाला, अंग चांगलं घडतं. मर्मविद्येची जादा फी मात्र सर अनोळखी माणसाला पाडून दाखवतील त्या दिवशी भरा.