देवाचे मुनीमजी

दवनीवाड्यात मुनीमजी म्हणून ओळखला जाणारा हा माणूस कुठल्याही गादीवर मुनीम नाही. चार एकर धान, एक म्हैस आणि लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही, एवढीच त्याची इस्टेट. त्या वहीचे पहिले पान देवाचे. वर श्री, खाली स्वस्तिक, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. गावात देवभक्त पुष्कळ आहेत, पण देवाशी रोखीने आणि लेखी व्यवहार करणारा हा एकच.

मुनीमजींची वर्षे तीन. बँकेचे १ एप्रिलला सुरू होते, पंचांगाचे पाडव्याला आणि वहीचे लक्ष्मीपूजनाला. जी बाकी एका वर्षात बसत नाही ती ते दुसऱ्यात ढकलतात. तिसऱ्याची वेळ आली की पोथी वाचायला बसतात.

त्यांचा नवस ऐकण्यासारखा असतो. ‘रोवणी आषाढात आटोपली, तुडतुडा लागला नाही आणि धान घरी येईस्तोवर अवकाळी आला नाही, तर प्रतापगडच्या महादेवाला महाशिवरात्रीला पाच नारळ.’ तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच पाचही. पीकविम्याच्या कागदावर बारीक अक्षर असते तसे त्यांच्या नवसातही असते. एका साली तुडतुडा आला, बाकी सगळे ठीक झाले. मुनीमजींनी तीनच नारळ फोडले आणि पानावर शेरा मारला : ‘नुकसानीप्रमाणे कपात.’ प्रतापगडाला महादेवाची यात्रा भरते, तसा तिथे ख्वाजांचा दर्गाही आहे. मुनीमजी दोन्हीकडे माथा टेकतात. विचारले तर म्हणतात, “सगळं धान एकाच कोठीत ठेवू नाही जी.”

सरकारच्या योजनांचा त्यांच्या भक्तीवर खोल परिणाम झाला आहे. २०१७मध्ये राज्यात दीड लाखापर्यंतची कर्जमाफी झाली, २०१९मध्ये दोन लाखांपर्यंतची. कर्ज वेळेत फेडणाऱ्यांसाठी पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहनही जाहीर झाले. तेव्हापासून मुनीमजींचे म्हणणे असे, की देवाने थकलेले नवस माफ करू नयेत, त्याने शिस्त बिघडते. पण नियमित नवस फेडणाऱ्याला पाचामागे एक नारळ सूट द्यायला काय हरकत आहे? आरती संपली की हा अर्ज ते दरवर्षी तोंडी करतात. उत्तर आलेले नाही, म्हणून तो ‘विचाराधीन’ आहे.

दान देतानाही हात मोकळा, पण पावती हवी. एका संस्थानात त्यांनी दोन हजार रुपये रोख दिले आणि ‘ऐंशी-जी’ची पावती मागितली. दोन हजारांवर एक रुपया गेला तरी रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही, हे त्यांना पाठ. कारकुनाने विचारले, “तुमचं उत्पन्न कशाचं?” म्हणाले, “धानाचं.” कारकून हसला. “शेतीच्या उत्पन्नाला आयकरच नाही, काका. सवलत कशातून घ्याल?” मुनीमजींनी पावतीची घडी घालून खिशात टाकली. “खाली नाही लागत, मालूम आहे मले. वरते दाखवाले लागंल.”

त्यांच्या देवघरात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. घरात शंभर रुपये आले की पाच त्यात पडतात, मग ते दुधाचे असोत की धानाचे. हा देवाचा पैसा. पण २०२४-२५च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये जाहीर झाला, तरी भाव जाहीर होणे आणि पैसे खात्यात पडणे यांच्या मधल्या काळात घर चालवायचेच असते. अशा वेळी मुनीमजी देवासमोर फूल ठेवून कौल घेतात आणि डब्यातून उचल करतात. देव ‘नाही’ म्हणाल्याची नोंद वहीत एकदाही नाही. व्याज मात्र ते देत नाहीत. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर बिनव्याजी पडते, मग देव बँकेपेक्षा कडक कसा असेल? शिवाय तिरुपतीच्या बालाजीने लग्नासाठी कुबेराकडून कर्ज काढले आणि ते अजून फिटतेच आहे, अशी कथा आहे. म्हणजे कर्जदाराचे हाल देवाला ठाऊक आहेत.

हसायला सोपे आहे. पण या डब्यातून उचललेला रुपया परत त्यात पडला नाही असे कधी झालेले नाही. बँकेच्या नोटिशीला न भिणारा माणूस या डब्याला भितो. वर्षात पैसे दुप्पट करून देणारा एक एजंट गावात आला, तेव्हा शिकलेली पोरे रांगेत उभी होती. मुनीमजी म्हणाले, “बापा, इतकी वर्षं नारळ वाहून रायलो, देवानं एकाचे दोन करून नाही देल्ले. तू कोण?” एजंट पुढे दिसला नाही. पोरांचे पैसेही दिसले नाहीत.

एवढा चोख माणूस, पण रोवण्याच्या बायांची मजुरी द्यायची म्हटली की त्याची वही हरवायची. “मंडई होऊ द्या.” मंडईची जत्रा भरायची, दंडारीचा खेळ व्हायचा, रात्रभर नाटक व्हायचे. मग, “धानाचे पैसे येऊ द्या.” पैसे यायचे, आणि त्यातले पाच टक्के आधी डब्यात जायचे. देवाचे चुकते, बायांचे बाकी!

शेवटी मुनीमजींच्या घरच्यांनीच वही काढली. “अवो, देवाचं कधी बुडवलं नाही न तुमी?”

“नाही बा.”

“मंग हे घ्या.” आणि त्यांनी पोरीकडून पहिल्याच पानावर, श्रीच्या खाली, बायांची मजुरी लिहून घेतली. खोडायची तर देवाचे पान खोडावे लागणार. मुनीमजींनी फूल ठेवून पाहिले. कौल काय मिळाला ते वहीत नाही, पण दिवेलागणीच्या आत मजुरी घरोघर पोचली. पुढच्या साली ती रोवणीच्याच आठवड्यात मिळाली.

बाया आता मुनीमजींच्याच बांधीत आधी रोवायला येतात, आणि गावात रोवणी सर्वांत आधी त्यांचीच आटोपते. ही देवाची कृपा, असे मुनीमजी मानतात आणि जमेच्या बाजूला लिहितात. तुमचीही काही उधारी त्यांच्याकडे अडकली असेल, तर तगादा लावू नका. ती पहिल्या पानावर लिहून घ्या.