‘ओके’चा कुलवृत्तांत

कार्यालयीन शेऱ्यापासून फोनवरच्या निरोपापर्यंत सर्वत्र वावरणारा ‘ओके’ हा शब्द मुळात शुद्धलेखनाची थट्टा होता, ही गोष्ट विद्वानांच्या पचनी पडायला सव्वाशे वर्षे लागली. 1838-39 च्या सुमारास बोस्टनच्या वृत्तपत्रांत शब्दांची स्पेलिंगे मुद्दाम बिघडवून त्यांची आद्याक्षरे छापण्याचे खूळ माजले होते; त्यात ‘ऑल करेक्ट’, म्हणजे ‘सर्व बरोबर’, या शब्दांची आरंभीची दोन्ही अक्षरे चुकवून ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’ने 23 मार्च 1839 रोजी ‘ओ. के.’ छापले. सर्व बरोबर असल्याची ग्वाही देणारा शब्दच दोन्ही अक्षरांत चुकलेला असावा, हे पाहता सरकारी शेऱ्यासाठी याहून योग्य शब्द सापडणे कठीण होते.

एवढ्या कर्तबगार शब्दाचे कूळ इतके हलके असणे बरे दिसेना, म्हणून पुढील काळात त्याला ग्रीक, स्कॉटिश, फ्रेंच अशी घरंदाज गोत्रे चिकटवण्यात आली; अध्यक्ष वुड्रो विल्सन तर तो चोक्टॉ या अमेरिकी आदिवासी भाषेतला समजून ‘ओकेह’ असा लिहीत. अखेर कोलंबिया विद्यापीठाचे ॲलन वॉकर रीड यांनी 1963-64 मध्ये जुनी वृत्तपत्रे धुंडाळून सारी गोत्रे निकालात काढली.

हा शब्द टिकला तो मात्र राजकारणामुळे. 1840 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत किंडरहुक गावच्या मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी ‘ओल्ड किंडरहुक’, म्हणजे किंडरहुकचे बुजुर्ग, या टोपणनावाची आद्याक्षरे घोषणेत वापरली, तर माजी अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना स्पेलिंग येत नसल्याने तेच कागदांवर असा शेरा मारीत, अशी आवई विरोधकांनी उठवली. व्हॅन ब्युरेन पडले. शब्द निवडून आला.

महाराष्ट्रात ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’मध्ये हा शब्द नेमके काय करतो याचा उलगडा होण्यापूर्वीच, या मजकुरामुळे हॉर्न विनाकारण वाजतात म्हणून परिवहन विभागाने 2015 मध्ये त्यावर बंदी घातली. या शब्दाला येथे राजकीय प्रतिष्ठा लाभली ती 2022 मध्ये: जूनमध्ये शिवसेनेतील बंडखोरांसह गुवाहाटीला गेलेले सांगोल्याचे आमदार शहाजीबापू पाटील यांनी तेथून फोनवर झाडी, डोंगर व हॉटेल वाखाणून सर्व ‘ओक्के’ असल्याचा निर्वाळा दिला, आणि ऑगस्टमध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधकांनी त्याला ‘खोके’ हे यमक जोडून दिले; खोका म्हणजे बोलीत एक कोटी रुपये. बोस्टनच्या संपादकांना हे यमक सुचले नव्हते, एवढे श्रेय मराठीच्या खात्यात निःसंशय जमा करावे लागेल.