मोजे मोजून घ्यावेत

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३चे नियम अंमळ भित्र्या माणसांनी लिहिले असावेत. लेखी परमिट घ्या, वाहिनीचा पुरवठा तोडा, वीज नसल्याची खात्री करा, अर्थिंग करा, हातमोजे-हेल्मेट-पट्टा वापरा आणि मगच तारेला हात लावा म्हणे!

प्रत्यक्षात ११ केव्हीचे, म्हणजे ११,००० व्होल्टचे काम एका फोनवर भागते.

“भाऊ, लाइन बंद केली का?”

“केली. चढ!”

कोणती लाइन, हा वेळखाऊ प्रश्न कोणी विचारत नाही. बंद लाइनीत एखाद्या मंगल कार्यालयाचा जनरेटर उलटी वीज सोडू शकतो, हे खरे. पण शुभकार्यात शंका काढू नये.

साहित्याची निगा मात्र वाखाणण्याजोगी. रबरी हातमोजे कुलूपबंद कपाटात असतात आणि त्यांना कधीही शॉक लागलेला नाही. हा निकाल पाहता वायरमनलाही कपाटातच ठेवावे, अशी शिफारस करण्यास हरकत नाही. जागा कमी पडल्यास कंत्राटी कामगार बाहेर राहतील. ते तसेही हजेरीपटाबाहेरच असतात.

४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन आणि लाइनमन दिवसही. त्या दिवशी कुलूप निघते. नवेकोरे मोजे, पिवळी हेल्मेटे, हार, पेढे, सामूहिक फोटो. कार्यक्रम संपताच मोजे मोजून परत घेतले जातात.

एक जोडी कमी भरली, तर चौकशी त्याच दिवशी बसते. माणूस कमी भरला, तर आधी तो कोणत्या ठेकेदाराचा, हे ठरावे लागते.